पाळीच्या दिवसांत धावण्याचा वेग खरंच कमी होतो का?

जऊळका (जि. वाशीम) असो की पुणे, भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना एक प्रश्न हमखास पडतो: मैदानी चाचणीच्या दिवशीच पाळी आली तर? पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, वनरक्षक भरतीत ३ किलोमीटर. तारीख प्रवेशपत्रावर येते, ती आपल्या हातात नसते.

संशोधन काय सांगतं?

२०२० साली ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी किंचित घसरू शकते, पण सरासरी फरक नगण्य असतो. मात्र तो प्रत्येकीत वेगळा असतो. पॉला रॅडक्लिफने २००२ मध्ये शिकागो मॅरेथॉन २ तास १७ मिनिटं १८ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला, तेव्हा तिच्या पोटात पाळीच्या कळा येत होत्या.

मग त्रास कशामुळे होतो?

- पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशय आकुंचन पावतं. त्यामुळे पोट-कंबर दुखते, काहींना जुलाब होतात.
- बीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंत शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेलं असतं. विदर्भाच्या उन्हात लांब पल्ला धावताना हे जाणवू शकतं.
- जास्त रक्तस्रावाने लोह कमी होतं, हिमोग्लोबिन घटतं आणि लवकर दम लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे अनेकींचा वेग पाळीच्या चार दिवसांमुळे नव्हे, तर महिनाभर कमी असलेल्या हिमोग्लोबिनमुळे घटतो.

काय करता येईल?

पाळीची तारीख, त्रास आणि धावण्याची वेळ तीन-चार महिने वहीत लिहून ठेवावी, म्हणजे स्वतःचा कल कळतो. त्या दिवसांतही झेपेल तेवढा सराव करावा, म्हणजे चाचणीच्या दिवशी ते नवीन वाटत नाही. हिमोग्लोबिन वेळेत तपासून घ्यावं. पाळी पुढे ढकलण्याची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नये. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सराव वाढल्यावर पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ‘बरं झालं’ म्हणून सोडून देऊ नये. गर्भधारणा नसेल, तर आहार मेहनतीला पुरत नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी हाडंही कमकुवत होतात. डॉक्टरांना दाखवावं.