एचआर सॉफ्टवेअर कसे निवडावे? पगार, पीएफ, हजेरी आणि खर्चाच्या कसोटीवर तुलना

पन्नास-साठ कामगारांच्या कंपनीत महिना संपत आला की एकच धावपळ असते. हजेरीच्या मशीनमधून फाइल काढायची, रजेचे अर्ज जुळवायचे, एक्सेलमध्ये पगार मांडायचा, पीएफ आणि ईएसआयचा हिशेब सीएकडे पाठवायचा. हे सगळे एका जागी व्हावे म्हणून एचआर सॉफ्टवेअर घेतले जाते. बाजारात अशी डझनावारी सॉफ्टवेअर आहेत आणि डेमोमध्ये सगळीच चांगली दिसतात. फरक कळतो तो पहिला पगार निघाल्यावर.

म्हणून तुलना करताना कोणात किती सोयी आहेत हे मोजण्यापेक्षा, आपल्या कंपनीतले अवघड पगार कोण बरोबर काढते हे तपासणे जास्त उपयोगाचे ठरते. ते कसे तपासायचे, ते या लेखात पाहू.

एचआर सॉफ्टवेअर नेमके काय करते?

कामाचे चार मुख्य भाग असतात.

- नोंदी: जॉइनिंगची कागदपत्रे, बँक खाते, यूएएन, पगाराची रचना.
- हजेरी आणि रजा: बायोमेट्रिक मशीन किंवा मोबाइलवरची हजेरी, शिफ्ट, ओव्हरटाइम, शिल्लक रजा.
- पगार: पगार स्लिप, पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, टीडीएस आणि नोकरी सोडतानाचा हिशेब.
- इतर: भरती, कामाचे मूल्यमापन, प्रशिक्षण, खर्चाची बिले.

पहिले तीन भाग प्रत्येक कंपनीला लागतात. चौथा भाग डेमोमध्ये सर्वांत आकर्षक दिसतो, पण लहान कंपनीत तो वर्षभर उघडलाही जात नाही. पैसे मात्र त्याचेही मोजावे लागतात.

बाजारातील पर्याय

*पगारावर भर देणारी भारतीय सॉफ्टवेअर:* बेंगळुरूचे ग्रेटएचआर आणि हैदराबादचे केका ही यातली ठळक नावे. भारतीय कायद्यांप्रमाणे पगार काढणे हा त्यांचा गाभा आहे. बेंगळुरूच्याच रेझरपेने 2019 मध्ये ऑप्फिन ही कंपनी विकत घेतली आणि पुढे ते उत्पादन रेझरपेएक्स पेरोल या नावाने आले. पगार थेट खात्यात पाठवणे आणि सरकारी भरणाही तिथूनच करणे हा त्याचा विशेष.

*मोठ्या संचाचा भाग असलेली:* चेन्नईच्या झोहोची दोन वेगळी उत्पादने आहेत. झोहो पीपल नोंदी, हजेरी आणि रजा सांभाळते, तर पगारासाठी झोहो पेरोल असते. एकाचा दर पाहून दोन्ही त्यातच आहेत असे समजू नये. कंपनीचे हिशेब आधीच झोहो बुक्सवर असतील तर ही जोडी सोयीची पडते.

*हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील पेरोल:* टॅलीप्राइममध्ये पगाराची सोय आहेच. कामगार कमी, शिफ्ट एकच आणि टॅली चालवणारा माणूस घरचा असेल तर नवीन काही घेण्याआधी हे वापरून पाहावे. कामगारांना मोबाइलवर रजेचा अर्ज करता यावा, अशी गरज असेल तर मात्र ते अपुरे पडते.

*मुक्त स्रोत:* मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे फ्रॅपे एचआर स्वतःच्या सर्व्हरवर परवाना शुल्काशिवाय चालवता येते. पण पगाराची सूत्रे बसवणारा आणि नियम बदलला की ती बदलणारा जाणकार हाताशी लागतो. परवाना फुकट असला तरी त्या माणसाचा खर्च असतोच.

*मोठ्या उद्योगांसाठी:* हैदराबादचे डार्विनबॉक्स, तसेच सॅप सक्सेसफॅक्टर्स, वर्कडे आणि ओरॅकल. हजारो कर्मचारी आणि अनेक देशांतली कार्यालये यांच्यासाठी ही मांडणी असते. इथे एक प्रश्न आधी विचारावा: भारतातला पगार याच प्रणालीत निघतो, की दुसऱ्या कंपनीचे पेरोल जोडावे लागते?

खरी परीक्षा: पगाराच्या सहा कसोट्या

डेमोमध्ये विक्रेता सरळ पगार काढून दाखवतो: पूर्ण हजेरी, तीच रक्कम, नेहमीची कपात. खालची उदाहरणे त्याच्यापुढे ठेवावीत.

1. फेब्रुवारीतला व्यवसाय कर. महाराष्ट्रात दरमहा 10,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर 200 रुपये कापला जातो, पण फेब्रुवारीत 300 रुपये. अकरा महिन्यांचे 2,200 आणि हे 300 मिळून वर्षाचे 2,500 होतात. एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. म्हणजे 24,000 रुपये पगाराच्या दोन सहकाऱ्यांपैकी पुरुषाचा कर कापला गेला पाहिजे आणि महिलेचा नाही. दुसऱ्या राज्यात शाखा असेल तर तिथले दर वेगळे.

2. पीएफची विभागणी. कर्मचाऱ्याच्या वेतनातून 12 टक्के जातात, मालकही 12 टक्के भरतो. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, पण ते 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवरच, म्हणजे जास्तीत जास्त 1,250 रुपये. समजा जुन्या सभासदाचे पीएफ वेतन 20,000 आहे आणि पूर्ण रकमेवर पीएफ भरला जातो. मालकाच्या 2,400 पैकी 1,250 पेन्शनमध्ये आणि 1,150 पीएफमध्ये दिसले पाहिजेत. पेन्शनपुढे 1,666 दिसले तर मर्यादा बसवलेलीच नाही. शिवाय 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि त्या वेळी 15,000 पेक्षा जास्त वेतन असलेल्या कर्मचाऱ्याचा पेन्शनचा वाटा निघतच नाही. दोन्ही उदाहरणे करून पाहावीत.

3. मध्येच झालेली पगारवाढ आणि ईएसआय. ईएसआयची पगारमर्यादा 21,000 रुपये आहे. कर्मचारी 0.75 टक्के आणि मालक 3.25 टक्के भरतो. वर्गणीचे दोन कालावधी असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एखाद्याचा पगार जुलैत 20,500 वरून 22,000 झाला, तरी सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालूच ठेवावी लागते: कर्मचाऱ्याचे 165 रुपये, मालकाचे 715. मर्यादा ओलांडली म्हणून जुलैतच कपात थांबली, तर तीन महिन्यांची वर्गणी थकते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधले आजारपणाचे लाभ ठरतात, त्यामुळे या चुकीचा फटका आजारी पडलेल्या कामगाराला बसू शकतो.

4. बिनपगारी दिवस. पगार 26,000 आणि एक दिवस बिनपगारी. 26 ने भागले तर 1,000 रुपये कापले जातात, 30 ने भागले तर 867, आणि 31 दिवसांच्या महिन्यात प्रत्यक्ष दिवसांनी भागले तर 839. कंपनीची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये बसवता येते का, आणि प्रत्येक महिन्यात तीच लागू राहते का, हे पाहावे. पगारावरून होणारे बरेच वाद इथेच सुरू होतात.

5. रात्रपाळी. चाकण, भोसरी किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत रात्री 10 ते सकाळी 6 ही पाळी नेहमीची. साधे सॉफ्टवेअर तारीख बदलली की दिवस बदलला असे धरते आणि त्याच कामगाराची दोन दिवस अर्धी हजेरी लावते. सकाळी 6 ला सुटणारा कामगार 10 पर्यंत थांबला, तर ते चार तास कोणत्या दिवसाच्या ओव्हरटाइममध्ये जातात आणि दुप्पट दराने धरले जातात का, तेही पाहावे.

6. नोकरी सोडतानाचा हिशेब. शेवटचे वेतन 20,000 आणि नोकरी 7 वर्षे 8 महिने असेल तर ग्रॅच्युइटी 7 वर्षांची नव्हे, 8 वर्षांची धरतात, कारण सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा काळ पूर्ण वर्ष मानला जातो. 20,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 8 म्हणजे 92,308 रुपये. सात वर्षेच धरली तर 80,769. कर्मचाऱ्याचे साडेअकरा हजार रुपये तिथल्या तिथे जातात.

नियम बदलला की काय होते?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात 'वेतन' कशाला म्हणायचे याची व्याख्या बदलली. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीची रक्कम वेतनात धरावी लागते. उदाहरणार्थ, 30,000 रुपयांपैकी मूळ वेतन 10,000 आणि असे भत्ते 20,000 असतील, तर 15,000 च्या वरचे 5,000 वेतनात येतात आणि वेतन 15,000 होते. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे, अशीही तरतूद आहे.

म्हणून विक्रेत्याला थेट विचारावे: या बदलानंतर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदल झाला आणि तो किती दिवसांत झाला? ‘आमची टीम बघून घेते’ हे उत्तर पुरेसे नाही. बदल आपोआप येतो की त्याचे वेगळे पैसे लागतात, हे करारात लिहून घ्यावे. महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची जून आणि डिसेंबरची कपातही याच वेळी तपासून घ्यावी, कारण वर्षातून दोनदाच येणारी कपात विसरली जाते.

दर कसा वाचावा?

बहुतेक कंपन्या दर महिन्याला माणशी दर सांगतात. बिल त्याच्यापेक्षा जास्त येते. एक काल्पनिक उदाहरण: दर माणशी 80 रुपये आणि कर्मचारी 60. महिन्याचे 4,800, वर्षाचे 57,600 वाटतात. पण किमान पॅकेज 6,000 रुपयांचे असेल तर वर्षाचे 72,000 होतात. सुरुवातीची मांडणी आणि प्रशिक्षणाचे 25,000 धरले की 97,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 17,460. पहिल्या वर्षाचे बिल 1,14,460 रुपये, म्हणजे मनात धरलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट.

दरपत्रक घेताना हे प्रश्न विचारावेत:

- नोकरी सोडून गेलेल्यांच्या नोंदींचेही पैसे लागतात का?
- आपल्याकडे आहे तेच हजेरी मशीन जोडता येईल का?
- मोबाइल ॲप, एसएमएस आणि ठिकाणासह हजेरी दरात धरली आहे का?
- पगाराच्या दिवशी अडचण आली तर फोनवर माणूस मिळतो का, की फक्त ईमेल?
- दुसऱ्या वर्षी दर किती वाढेल?

माहिती कोणाची, जबाबदारी कोणाची?

एचआर सॉफ्टवेअरमध्ये आधार, पॅन, बँक खाते, पगार आणि अनेकदा बोटांचे किंवा चेहऱ्याचे ठसे असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सॉफ्टवेअर बाहेरचे असले तरी कर्मचाऱ्याची माहिती घेणारी कंपनीच असते, त्यामुळे जबाबदारी तिचीच राहते.

पीएफचेही तसेच. मागच्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करावा लागतो. उशीर झाला तर वर्षाला 12 टक्के व्याज लागते, शिवाय वेगळी दंडात्मक भरपाईही. ‘सॉफ्टवेअरमध्ये चूक होती’ हे कारण तिथे चालत नाही.

करार करण्याआधी आणखी एक गोष्ट करून पाहावी: सर्व कर्मचाऱ्यांच्या नोंदी, रजा आणि जुन्या पगार स्लिपा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का? उद्या सॉफ्टवेअर बदलायचे ठरले तर हीच फाइल लागणार आहे.

निवड कशी करावी?

1. आपल्या कंपनीतले दहा अवघड पगार निवडावेत: रात्रपाळीवाला, मधल्या महिन्यात रुजू झालेली, पगारवाढ मिळालेला, बाळंतपणाच्या रजेवरची, नोकरी सोडलेला. नावे आणि खाते क्रमांक बदलून घ्यावेत.
2. दोन-तीन विक्रेत्यांना तीच दहा उदाहरणे देऊन पगार काढून मागावा.
3. उत्तरे सीएकडून तपासून घ्यावीत.
4. ॲप आपल्या कामगारांच्या हातात द्यावे. मराठीत दिसते का, साध्या फोनवर चालते का, रजेचा अर्ज कोणाच्या मदतीशिवाय करता येतो का, हे तेच सांगू शकतील.
5. निवड झाल्यावर दोन महिने जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालवावी. दोन्हीकडचा आकडा रुपयापर्यंत जुळला की जुनी बंद करावी.
6. नवीन पद्धत शक्यतो एप्रिलपासून सुरू करावी. मधल्या महिन्यात बदलले तर टीडीएससाठी आधीच्या पगाराचे सगळे आकडे पुन्हा भरावे लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दहा-पंधरा कर्मचारी असतील तर सॉफ्टवेअर लागते का?*
शिफ्ट एक आणि पगार साधे असतील तर टॅली किंवा नीट केलेले एक्सेल पुरते. पीएफची सक्ती साधारणपणे 20 कर्मचाऱ्यांपासून येते. तिथपर्यंत पोहोचण्याआधी तयारी करावी.

*सॉफ्टवेअर आले की सीए लागणार नाही का?*
लागतोच. सॉफ्टवेअर सांगितलेला नियम चालवते. कोणाला कोणता नियम लागू आहे हे जाणकारालाच ठरवावे लागते.

*कर्मचाऱ्याला आपली कपात बरोबर आहे हे कसे कळेल?*
पगार स्लिपवरची पीएफची रक्कम ईपीएफओच्या पासबुकशी ताडून पाहावी. उमंग ॲपवर ते पासबुक दिसते. कपात झाली पण पासबुकात नोंद नाही, असे दिसले तर आधी एचआरला लेखी विचारावे आणि तिथे दाद लागली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी.