काट्याची लढत, काट्यातली चूक : फ्लोरिडा, २०००



आजचं व्याख्यान एका आकड्याभोवती फिरणार आहे, तो आधी सांगून टाकतो. ५३७. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. देशभरात दहा कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलं. शेवटी सगळा निकाल फ्लोरिडा या एका राज्यावर येऊन अडला, आणि त्या राज्यात जॉर्ज बुश यांना २९,१२,७९० आणि अल गोर यांना २९,१२,२५३ मतं पडली असं जाहीर झालं. फरक ५३७. एकूण मतं साठ लाखांच्या आसपास. म्हणजे दहा हजारांत एका मताइतकाही फरक नाही. देशभरातली मतं एकत्र केली तर गोर सुमारे ५ लाख ४३ हजारांनी पुढे होते, पण तिथे अध्यक्ष निवडतात ते राज्यांचे प्रतिनिधी. फ्लोरिडाचे असे २५ प्रतिनिधी होते. ते ज्याचे, तो अध्यक्ष.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. राजकारणाचे पंडित या विषयावर जास्त अधिकाराने बोलतील. मला यात रस आहे तो एका जुन्या प्रश्नामुळे. ॲरिस्टॉटलने विचारलं होतं, ‘उद्या आरमारी लढाई होईल’ हे वाक्य आज खरं की खोटं? भविष्याबद्दलच्या विधानाला आज सत्यमूल्य असतं का? आता गंमत अशी की मतदान संपल्यावर टीव्हीवर जे ‘भाकीत’ सांगतात, ते या अर्थाने भाकीतच नव्हे. मतं पेटीत पडलेली असतात. घडायचं ते घडून गेलेलं असतं, आपल्याला फक्त ते माहीत नसतं. मूठ झाकलेली आहे, आत पाच चिंचोके की सहा, एवढाच प्रश्न. निदान आपण सगळे असं धरून चालतो. फ्लोरिडात छत्तीस दिवस जे चाललं, त्याने या धरून चालण्यालाच धक्का दिला. म्हणून हा विषय.

मतदानाआधीची भाकितं पटकन उरकतो. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपापली गणिती मॉडेलं मांडली. अर्थव्यवस्था उत्तम, सत्ताधारी पक्षाबद्दल फार राग नाही, तेव्हा दोन मोठ्या पक्षांच्या मतांपैकी गोर यांना ५३ ते ६० टक्के मिळतील, असा एकूण सूर. प्रत्यक्षात मिळाली ५० टक्क्यांहून जरा जास्त. आणि प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून चर्चा कसली, तर बुश देशभरात जास्त मतं मिळवतील आणि गोर प्रतिनिधींच्या जोरावर अध्यक्ष होतील. झालं नेमकं उलटं! विपरीत निकालाची शक्यता ओळखली होती, दिशा तेवढी चुकली.

मतदानाच्या रात्रीवर मात्र थोडं थांबायला हवं. ७ नोव्हेंबर. अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तवाहिन्या आणि असोसिएटेड प्रेस यांनी मिळून एक संस्था चालवली होती. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारायचं, निवडक केंद्रांवरचे आकडे गोळा करायचे आणि सगळ्यांना पुरवायचे. खर्च वाटला जातो, काम एकदाच होतं, हिशेब शहाणपणाचा. पण विहीर एकच असली की पाणी बिघडल्यावर सगळा गाव आजारी पडतो. संध्याकाळी आठ वाजायला दहा मिनिटं कमी असताना वाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांच्या नावावर टाकून दिलं. फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाचं घड्याळ एक तास मागे असतं, तिथे अजून मतदान चालू होतं. दहाच्या सुमाराला वाहिन्यांनी शब्द मागे घेतला. मग रात्री सव्वादोनला एका वाहिनीने बुश जिंकले असं सांगितलं, आणि पाच मिनिटांच्या आत बाकीच्या वाहिन्यांनी तेच म्हटलं. त्या पहिल्या वाहिनीच्या निर्णयकक्षाचा प्रमुख बुश यांचा आतेभाऊ होता, ही नोंद करून ठेवतो, त्यावरून लगेच कट शोधायला मी सांगत नाही. कारण त्या घटकेला हातात असलेल्या आकड्यांतच मोठी चूक होती. व्होलुशिया नावाच्या जिल्ह्यातून गोर यांच्या खात्यात उणे १६,०२२ मतं आली होती. उणे! मत नसणं समजू शकतो. उणे मत म्हणजे काय, हे कुठल्याही तर्कशास्त्रात बसत नाही. चूक लवकरच दुरुस्त झाली, पण घोषणा करणाऱ्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. असोसिएटेड प्रेसने मात्र त्या रात्री बुश जिंकले असं म्हटलं नाही. एवढ्या धांदलीत कुणीतरी ‘अजून सांगता येत नाही’ म्हणू शकलं, हे लक्षात ठेवा.

गोर यांनी टीव्हीवर विश्वास ठेवला. बुश यांना फोन करून अभिनंदन केलं आणि हार मान्य करायचं भाषण करायला निघाले. नॅशव्हिलमध्ये पाऊस पडत होता. ते व्यासपीठापाशी पोचता पोचता सहकाऱ्यांना निरोप आला की फरक हजारांवरून शेकड्यांवर येतोय. त्यांनी पुन्हा फोन केला आणि दिलेला शब्द परत घेतला. पहाटे चारच्या सुमाराला वाहिन्यांनीही आपला शब्द परत घेतला. पण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. बरोबरीत असलेल्या दोघांपैकी एकजण दोन तासांपुरता जिंकला होता, आणि पुढचे छत्तीस दिवस तो जिंकलेलाच राहिला. दुसरा त्याच्याकडून काहीतरी हिसकावू पाहतोय, असं चित्र तयार झालं. न्यायालयाच्या भाषेत बोलायचं तर पुराव्याचं ओझं एकाच्या डोक्यावर गेलं. गोर आणि त्यांचे जोडीदार लीबरमन यांच्या नावांची मोडतोड करून ‘सोर-लूझरमन’ असे फलक रस्त्यावर नाचवले गेले, म्हणजे रडके हरलेले. घाईच्या भाकिताने कुणाचं मत बदललं की नाही, यावर वाद आहे. लोकांची प्रतिक्रिया त्याने घडवली, याबद्दल मला शंका नाही.

आता पेटीकडे वळू. फ्लोरिडातल्या बऱ्याच जिल्ह्यांत पंच-कार्डं होती. कार्ड साच्यात घालायचं, टोकदार सळईने उमेदवारासमोरच्या जागी भोक पाडायचं. भोकातून कागदाची टिकली पडते. तिला तिकडे ‘चॅड’ म्हणतात. यंत्र भोकातून येणारा उजेड मोजतं. पण टिकली पूर्ण पडलीच नाही तर? एका कोपऱ्यावर लोंबत राहिली तर? नुसता खड्डा पडला आणि चारही कोपरे शाबूत असले तर? माणसाने सळई टेकवली होती हे दिसतंय. मत द्यायचं होतं, की द्यायला गेला आणि हात मागे घेतला? त्या दिवसांतलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, भिंगामागे डोळे वटारून कार्डाकडे बघणारा एक न्यायाधीश. जगातल्या सगळ्यात बलाढ्य राष्ट्राचं भवितव्य आणि कागदाची टिकली. हसू येतं खरं, पण तो माणूस अतिशय कठीण काम करत होता. खुणेवरून दुसऱ्याच्या मनातला हेतू ओळखणं, यावर आमच्या विषयात ग्रंथच्या ग्रंथ आहेत.

पाम बीच जिल्ह्यात आणखी वेगळं. नावं मोठ्या अक्षरांत यावीत, म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावीत, या चांगल्या हेतूने मतपत्रिका दोन पानी केली, नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधोमध. डावीकडे दुसरं नाव गोर यांचं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजवीकडच्या पॅट ब्युकनन यांचं. या कडव्या उजव्या उमेदवाराला पाम बीचमध्ये ३,४०७ मतं मिळाली, आणि यातली बरीचशी माझी नसावीत, असं खुद्द ब्युकनन यांनी टीव्हीवर सांगितलं. शिवाय सुमारे १९ हजार कार्डांवर दोन-दोन भोकं पडली, ती बाद झाली. यावर उपाय काय? काहीच नाही. मतदाराच्या मनात काय होतं याचा कितीही भरवसा वाटला, तरी दुसऱ्याच्या नावासमोर पडलेलं मत काढून घेता येत नाही.

लाकडाच्या वखारीत मोठा काटा असतो. त्यावर ओंडका तोला, किलोभर इकडेतिकडे झालं तरी कुणाचं बिघडत नाही. त्याच काट्यावर कुणी गुंजभर सोनं तोलायला आणलं तर? काटा खोटा नाही, पण गुंजेचा फरक त्याला दिसत नाही. फ्लोरिडात ज्यांच्यावर यंत्राला एकही मत दिसलं नाही किंवा एकाहून जास्त दिसली, अशी एक लाख पंचाहत्तर हजार कार्डं होती. फरक ५३७. काट्यातली चूक वजनाच्या तीनशेपट! आपल्याकडे नैयायिक म्हणतात की प्रमेय सिद्ध व्हायचं तर प्रमाण हवं. इथे प्रमाणच डळमळलं. माझं म्हणणं असं आहे, आणि ते अनेकांना पटत नाही, की ‘खरोखर कोण जिंकलं’ हा प्रश्न इथे निरर्थक होतो. लपलेलं सत्य शोधायला आपण कमी पडलो, एवढंच त्याचं कारण नाही. कुठलं भोक मत मानायचं हे ठरल्याशिवाय मोजायला काही उरतच नाही.

मग नियम ठरवा. पण कधी? हाच खरा पेच. पाम बीचच्या मोजणी मंडळाकडे १९९० चा एक नियम होता, चारही कोपऱ्यांनी चिकटलेली टिकली मत नव्हे. मोजणी सुरू झाल्यावर त्यांनी तो सोडून उजेड दिसला तरी पुरे असं ठरवलं, मग पुन्हा जुन्यावर आले, मग कुठलाच पक्का नियम ठेवला नाही, आणि शेवटी कोर्टाने सांगितलं की खड्डेही विचारात घ्या. शेजारच्या जिल्ह्यात निराळंच. प्रत्येक बदलाने कुणाची किती मतं वाढतात हे दोन्ही बाजूंचे वकील तिथल्या तिथे मोजत होते. तत्त्वं तर इतकी पातळ झाली की बघवत नाही. हाताने मोजणी विश्वासार्ह नाही असं बुश यांची बाजू म्हणत होती, आणि ते स्वतः गव्हर्नर असलेल्या टेक्सासचा कायदा हाताच्या मोजणीला मान देत होता. गोर यांची बाजू ‘प्रत्येक मत मोजा’ म्हणत होती, आणि त्यांचेच वकील परदेशातल्या सैनिकांच्या टपाली मतांवर शिक्का नाही म्हणून हरकती घेत होते. निकाल प्रमाणित करणाऱ्या राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या, राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे भाऊ. पंचच संघात खेळत असल्यावर त्याने प्रामाणिक निर्णय दिला तरी तो कुणाला पटणार?

८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभर फेरमोजणीचा हुकूम दिला. दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती थांबवली. १२ डिसेंबरच्या रात्री अंतिम निर्णय आला. जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे निकष लावणं हा समान वागणुकीचा भंग आहे, आणि नवे निकष लावून मोजायला आता वेळ उरलेला नाही. पहिला भाग मला पटतो. सात न्यायमूर्तींना त्यात तथ्य वाटलं. दुसरा पटत नाही, कारण मोजणी थांबवून वेळ घालवला कुणी? शिवाय आमचा हा विचार सध्याच्या प्रकरणापुरताच, असंही निकालात लिहून ठेवलं. एका प्रकरणापुरतं तत्त्व म्हणजे एका माणसापुरता कायदा.

जॉन रॉल्स यांनी एक उपयोगी भेद केला आहे. फौजदारी खटल्यात बरोबर उत्तर आधीच असतं, आरोपीने गुन्हा केलाय किंवा नाही. कार्यपद्धत ते शोधू पाहते, कधी चुकते. जुगारात तसं वेगळं उत्तर नसतंच. पत्ते नीट पिसले असतील तर जे येईल तेच न्याय्य. निवडणूक पहिल्या जातीची, असं आपण समजतो. फरक लाखांचा असतो तेव्हा ते बरोबरही आहे. फरक काट्याच्या चुकीखाली गेला की ती नकळत दुसऱ्या जातीत जाते. आणि मग पत्ते पिसताना कुणी बघत होतं का, एवढंच विचारायचं उरतं.

आपल्या कायद्याने हे एका टोकाला मान्य केलंय. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकायची तरतूद आहे. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल चिठ्ठीनेच लागला. चिठ्ठीत नाव निघालेला ‘जास्त लायक’ होता असं कुणी म्हणत नाही, तरी निकाल मानतात, कारण नियम आधीचा. पण ४८ मतांचं काय? २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात तेवढाच फरक होता आणि वाद कोर्टापर्यंत गेला. तिथे चिठ्ठी नाही. आणखी एक चांगली सोय आपल्याकडे आहे, शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला बंदी. आठ-दहा वाहिन्या मग साडेसहाला जो धुमाकूळ घालतात तो घालोत, निदान मतदान चालू असताना नाही.

वर्षभराने, नोव्हेंबर २००१ मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तसंस्थांनी शिकागोच्या एका संशोधन संस्थेकडून करून घेतलेली ती पावणेदोन लाख कार्डांची तपासणी जाहीर केली. निष्कर्ष असा : गोर यांनी मागितली होती तशी फक्त चार जिल्ह्यांत फेरमोजणी झाली असती, तर बुश जिंकले असते. राज्यभरातली सगळी कार्डं, दोन भोकांचीसुद्धा, तपासली असती तर गोर निकषानुसार ६० ते १७१ मतांनी पुढे गेले असते. अशी मोजणी कुणीच कोर्टात मागितली नव्हती. दोन्ही पक्षांनी या अहवालात आपापला विजय वाचला.

आणि गोर? १३ डिसेंबरला त्यांनी हार मान्य केली. निर्णय पटला नाही, पण स्वीकारतो, असं स्वच्छ सांगून. हे दोन शब्द वेगळे ठेवणं सोपं नसतं. उपाध्यक्ष या नात्याने ६ जानेवारी २००१ ला प्रतिनिधींची मतं मोजायच्या संयुक्त बैठकीचं अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच होतं. फ्लोरिडाचं नाव आलं तेव्हा कनिष्ठ सभागृहातले सदस्य, बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांच्याच बाजूचे, एकामागून एक उठून हरकत घेऊ लागले. नियम असा की हरकतीवर एका सिनेटरचीही सही हवी. एकाही सिनेटरने सही केली नव्हती. गोर प्रत्येकाला सहीबद्दल विचारत होते आणि हरकत फेटाळत होते. मॅक्झिन वॉटर्स म्हणाल्या, सही नाही याची मला पर्वा नाही. त्यावर गोर म्हणाले की नियमांना आहे. सभागृहात हशा पिकला. मग त्यांनी आकडे वाचले, बुश २७१, गोर २६६.

इथे थांबतो. प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत असं संयोजक खुणावताहेत, तेव्हा विचारा.