घरचा भार आणि शेजारचा खांदा

यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास हा काळ्या मातीचा व कापसाचा इतिहास होय. येथील पीक बहुतांशी पावसावर अवलंबून असल्यामुळें, एक हंगाम बुडाला कीं कर्जाच्या मागोमाग चिंताहि घरांत शिरते.

ता. १९ मार्च १९८६ रोजीं चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याच्या सहा जणांच्या कुटुंबाचा कर्जापायीं अंत झाला. २०१७ पासून त्या दिवशीं अनेकजण अन्नत्याग करून त्यांचें स्मरण करितात.

परंतु इतिहास केवळ शोकाचा नाहीं. २०१४ च्या सुमारास शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम चालला. गांवांतल्याच माणसांना शिकवून तयार केलें. त्यांनीं दुःखितांचें बोलणें शांतपणें ऐकिलें व गरजूंस डॉक्टरांकडे पोंचविलें. १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकीं मदत घेणारे शेंकडा ४.३ वरून २७.२ झाले, आत्मघाताचे विचार येणारे शेंकडा ५.२ वरून २.५ वर आले. पाऊस पाडणें कोणाच्या हातीं नव्हतें. ऐकून घेणें मात्र होतें. २०१५ सालीं सरकारच्या प्रेरणा प्रकल्पानें हेंच काम आशा कार्यकर्त्यांच्या हातीं दिलें, व त्या घरोघर जाऊन मनाची विचारपूस करूं लागल्या.

दुःख झांकणें म्हणजे धैर्य, ही आपली जुनी समजूत या अनुभवानें खोटी ठरविली आहे. म्हणून बंधुभगिनीहो, ज्युबिलीच्या आनंदांत एवढें करा: रात्रीं जेवतांना घरांत कोण अबोल झाला आहे तें पाहा, व त्याच्याजवळ बसा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावरहि विनामूल्य बोलतां येतें.