गाडी उलटी करण्याआधी

बाबांची प्रीमियर पद्मिनी नऊ पावसाळे सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून उभी होती. वरून पाहिलं तर बरी दिसायची. रंग उडालेला, पण आकार शाबूत. मी चालकाच्या बाजूचं रबरी मॅटिंग उचललं आणि खाली सोसायटीची फरशी दिसली. गाडीच्या आत उभं राहून जमीन बघणं हा फार विचित्र अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने "खालून सगळं करून दिलंय" असं सांगून पैसे घेतले होते. त्यांनी गंजाच्या भोकांवर पत्र्याची ठिगळं ठोकली होती, वर लांबी भरली होती आणि त्यावर काळं डांबरी अंडरकोट फासलं होतं. त्याच्या आड गंज निवांत वाढत राहिला. या वेळी मी ठरवलं की बॉडी पूर्ण मोकळी करायची, उलटी करायची आणि पोट उजेडात आणून काम करायचं. त्यासाठी जे स्टँड लागतं त्याला जगभर रोटिसरी म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द मांस भाजून विकणाऱ्या दुकानाचा. हॉटेलबाहेर काचेच्या कपाटात सळईवर गोल फिरणारी कोंबडी आठवा. कोंबडीच्या जागी मोटार. आमचे डेंटरकाका त्याला सरळ 'चरखा' म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो.

मला वाटलं होतं, चांगला मजबूत चरखा शोधायचा की झालं. किती वजन पेलतो, चाकांना ब्रेक आहे का, एवढंच बघायचं. काकांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, पण गाडीला धरणार कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. सुरुवातीच्या मोटारी बैलगाडीसारख्याच होत्या. खाली लोखंडी चौकट, म्हणजे चासी, आणि वर बसवलेली पेटी. पेटी सडली तर काढून टाका, चौकट तिथेच. १९२२ साली इटलीच्या विन्चेन्झो लान्चा यांनी लान्चा लाम्ब्दा ही गाडी लोकांपुढे आणली. तिला वेगळी चौकट नव्हती. होडीसारखी अंगाचीच ताकद. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये सिट्रोएनची ट्रॅक्सियाँ अवाँ आली. तिची पोलादी बॉडी अमेरिकेच्या बड कंपनीच्या तंत्रावर उभी होती, आणि ती मोठ्या संख्येने बनली. पातळ पत्रे दाबून घडी घालायचे, एकमेकांना ठिकठिकाणी वेल्ड करायचे आणि त्यातून पोकळ खोकी तयार करायची. ताकद पत्र्याच्या जाडीत नाही, खोक्याच्या आकारात. याला मोनोकॉक म्हणतात.

फियाटने हा मार्ग आपल्या 'अकराशे'साठी घेतला तो १९५३ मध्ये. दान्ते जिआकोसा यांच्या हाताखाली तयार झालेली ११००/१०३ त्या वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. त्याआधीच्या अकराशेला वेगळी चौकट होती, हिला नव्हती. इंजिन १०८९ सीसी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी मुंबईच्या रस्त्यावर आली. पुढच्या नाकामुळे तिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे, प्रेमानेच. मग ११०० डी आली. इटलीत ती १९६६ मध्ये संपली. आपल्याकडे तीच १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालत राहिली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ मध्ये नोंदवली गेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्या दिवशी तुमच्यापैकी अनेकांनी फोटो टाकले असतील. मीही टाकला होता.

म्हणजे माझ्या गाडीचं पोट १९५३ च्या विचाराचं आहे. त्या विचाराची एक किंमत आहे. दाराखालचा उंबरठा हे बंद खोकं. त्यात पाणी शिरतं, वाळत नाही. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चिकटतात त्या फटीत रंगाचा ब्रश पोचतच नाही. कारखान्यांना हे कळत होतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या कावली इथे (आपल्या ॲम्बॅसडरची आई, मॉरिस ऑक्सफर्ड, तिथलीच) १९५० च्या दशकात 'रोटोडिप' नावाची सोय होती. अख्ख्या बॉडीतून आरपार दांडा घालायचा आणि ती गोल फिरवत टाक्यांतून न्यायची. १९६० च्या दशकात फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून विजेच्या प्रवाहाने रंग चिकटवण्याची पद्धत आली. आजच्याही काही कारखान्यांत बॉडी त्या रंगाच्या टाकीत पूर्ण कोलांटी मारते, कारण सरळ बुडवली तर छताखाली किंवा खोक्यात हवा अडकते आणि तेवढी जागा कोरडी राहते. तेव्हा चरखा ही काही हौशी लोकांची चैन नाही. मोटार जन्माला येतानाच सळईवर फिरत होती.

काकांचा प्रश्न आता नीट समजतो. बाजारात दिसणारे बहुतेक चरखे बॉडीला दोन टोकांना धरतात, बंपर जिथे लागतो तिथे. चासीवाल्या गाडीला चालेल. माझी गाडी अशी टांगली आणि कुजलेला उंबरठा कापला, की मधला भाग वाकणार. वाकलेल्या अवस्थेत नवा पत्रा वेल्ड केला की वाक कायमचा. मग दार लागत नाही. म्हणून पकड आत हवी: पुढचं सस्पेन्शन आणि मागच्या पाट्या बॉडीला जिथे भार देतात तिथे. ती जागाच मुळी वजन पेलायला बनवलेली आहे. शिवाय कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत पाइपची फुली वेल्ड करायची आणि कर्णाची मापं खडूने खांबावर लिहून ठेवायची.

दुसरे पर्यायही होते. गाडी एका कुशीवर कलवणारा स्वस्त पाळणा होता, पण त्यात एकच बाजू दिसते. जुन्या टायरांच्या ढिगावर आडवी टाकायची पद्धत तर काकांनी आयुष्यभर वापरली. "पण तेव्हा आम्ही छत परत ठोकून काढायचो," ते म्हणाले.

शेवटी परदेशी तयार स्टँड सोडलं आणि ठाण्यातल्या एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचं बनवून घेतलं. दोन्ही खांब खालून एका दांड्याने जोडलेले, नाहीतर ते एकमेकांपासून सरकतात. पकडीचे हात लांब-आखूड होणारे. आणि आस वर-खाली करायला दोन-दोन इंचांवर भोकं. या भोकांवरून मी वाद घातला होता. एकदा उंची ठरली की कशाला हवीत?

बॉडी चढवली, पिन काढली, एका हाताने फिरवली. इतकी हलकी की मला हसू आलं. काकांनी डाव्या बाजूची सगळी फरशी कापून काढली. दुसऱ्या दिवशी मी पिन काढली आणि बॉडी झपकन फिरली. हँडल मनगटावर आदळलं, दोन आठवडे पट्टी. खालचं वजन गेलं, गुरुत्वमध्य वर सरकला, आसेच्या वर गेला. आस नेहमी गुरुत्वमध्याच्या किंचित वर हवी, म्हणजे सोडल्यावर गाडी हळूच पूर्वपदावर येते. खाली राहिली तर ती उलटायला टपलेली असते. काका हसले नाहीत. त्यांनी पाना आणला आणि बॉडीच्या पकडी एक भोक खाली घेतल्या.

उलट्या गाडीच्या उंबरठ्यातून सुकलेला चिखल आणि बारीक खडी पडली, घमेलंभर. पुन्हा मापं घेतली. कर्णात तीन मिलिमीटरचा फरक निघाला. काकांनी वेल्डिंग थांबवलं, जॅक लावून तो काढला, मग उजवं दार लटकवून पाहिलं. लागलं. डावं अजून बाकी आहे.