दरायसचा शिधा

प्राचीन इराण म्हटला की आम्हांला आठवतात ती ग्रीकांनी वर्णिलेली युद्धे. शत्रूच्या लेखणीवरून एखाद्या राज्याची पारख करावी, हे मला कधीच रुचले नाही. म्हणूनच शिकागोचे पंडित रिचर्ड हॅलॉक यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो.

१९३३-३४ साली हर्झफेल्डच्या उत्खननात पर्सिपोलिसच्या तटबंदीत हजारो लेखांकित मातीच्या वड्या सापडल्या. त्यांतील बहुतेकांची भाषा एलामी. ती उमगणारे विद्वान बोटांवर मोजण्याइतके. हॅलॉक यांनी त्या वाचण्यात आयुष्य वेचले आणि १९६९ साली २,०८७ लेख प्रसिद्ध केले. त्यांत ना लढाया, ना जयघोष. आहे तो इ. स. पू. ५०९ ते ४९४ या काळातला, दरायसच्या कारकिर्दीतील शिध्याचा हिशेब: कोणाला किती धान्य, किती मद्य. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. मात्र मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट! या एका नोंदीत त्या राजवटीची कणव आणि तिचा पक्षपात, दोन्ही उघडे पडतात.

हेरोडोटसचा इराण खोटा होता असे नव्हे. पण त्यात या बाळंतिणीला जागा नव्हती. ती हॅलॉक यांनी मिळवून दिली.