बस्ता

आमच्या बदलापुरात लग्न ठरलं की पहिला प्रश्न यायचा, बस्ता कधी? बस्ता म्हणजे उल्हासनगर, गजानन मार्केट. गादीवर मांडी ठोकून बसायचं, साड्यांचे थर उलगडून घ्यायचे आणि मानपानाच्या साड्या डझनावारी बांधून आणायच्या.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. पाठोपाठ अक्षय्य तृतीयाही बुडाली. जूनमध्ये दुकानं उघडली ती सम-विषम तारखांना: आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. कपडा अंगात घालून बघायचा नाही, घेतलेला बदलून मिळणार नाही. पण कापडबाजाराला खरं बसवलं ते लग्नाला पन्नासच माणसं, या नियमानं, असं मला वाटतं. पाहुणेच नाहीत, तर आहेर कोणाला? माझ्या चुलतबहिणीचं लग्न अंगणात लागलं. बस्ता पाच साड्यांचा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून.

ते फोटो पाठवले आमच्या नेहमीच्या सिंधी दुकानदारानं. त्याचे वडील फाळणीनंतर लहानपणी इथल्या लष्करी छावणीच्या बराकीत आले. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आई पापड लाटायची, ही पोरं लोकलमध्ये विकायची. म्हातारबाबा फोनवर म्हणाले, "ताई, तेव्हा दुकान नव्हतं, तर आम्ही गिऱ्हाईकाच्या दारात गेलो. आता दुकान आहे, पण गिऱ्हाईक घरात अडकलंय. मग परत त्याच्या दारात जायचं, लाज कसली?"

आजीकडे याहून जुनी गोष्ट होती, तिच्या सासूची. प्लेगात गाव रिकामं करून माणसं माळावर झोपड्या घालून राहिली, तर वाण्यानंही तिथंच दुकान मांडलं. पैसे हातात घ्यायचा नाही. कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्याच्या घंगाळात टाकायला लावायचा. प्लेगासाठी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये राज्यानं पुन्हा लागू केला. घंगाळाच्या जागी मात्र क्यूआर कोड आला. देशभरातले यूपीआय व्यवहार मार्चमध्ये सुमारे १२५ कोटी होते, ते ऑक्टोबरात २०७ कोटींवर गेले.

आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा धंदा त्या काळात वाढला, आणि त्याचं कारण लोकल. एरवी बदलापूर-अंबरनाथची माणसं मुंबईत कमवायची आणि येताना दादर-ठाण्यालाच पिशव्या भरून आणायची. सर्वसामान्यांना लोकल बंद झाली आणि तो पैसा इथंच फिरू लागला. पण पगारच कापले गेले होते, त्यामुळे माल वहीवर लिहून जायचा. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनाही त्यानं डाळ-तांदूळ नाकारला नाही. मोठ्या दुकानांत अशी वही नसते, म्हणून मला हा माणूस फार मोलाचा वाटतो. त्यातली काही पानं अजून वसूल व्हायची आहेत.

गजानन मार्केटमध्ये आता पुन्हा गर्दी असते. आमच्या घरात मात्र पुढच्या लग्नाला मानपानाच्या साड्यांऐवजी पाकिटं द्यायचं ठरलंय. आत्या त्यावर अजून नाराज आहे.