बालवयातील मधुमेह आणि विषाणू : एका संशयाचा इतिहास

पहिल्या प्रकारच्या मधुमेहास विषाणू कारणीभूत असावेत, हा संशय इन्सुलिनच्या शोधाहून जुना आहे. इ. स. १८६४ मध्ये नॉर्वेतील एका वैद्याने गालगुंडानंतर उद्भवलेल्या मधुमेहाची नोंद केली. तथापि, एका आजारामागून दुसरा आला म्हणजे तो त्यामुळेच झाला, असे ठरत नाही. या संशोधनापुढील हीच खरी अडचण होय.

१९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. रुग्ण वाचू लागले, पण कारण अज्ञातच राहिले. १९६९ मध्ये इंग्लंडमधील गॅम्बल व त्यांच्या सहकाऱ्यांना नव्या रुग्णांच्या रक्तात कॉक्सॅकी बी-४ विषाणूविरोधी प्रतिपिंडे अधिक आढळली. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ ग्रेग यांनी १९४१ मध्ये गर्भवतीस झालेला रुबेला व अर्भकाचा मोतीबिंदू यांचा संबंध दाखविला होता. गर्भातच रुबेलाची बाधा झालेल्या तरुणांत मधुमेहाचे प्रमाण मोठे असल्याचे १९७१ मध्ये तेथेच दिसून आले. अर्थात, तो पहिल्याच प्रकारचा मधुमेह होता काय, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या.

१९७९ चा पुरावा सर्वाधिक गाजला. मधुमेहाच्या तीव्र आघाताने दगावलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून यून, नॉटकिन्स प्रभृती अमेरिकी संशोधकांनी कॉक्सॅकी बी-४ सदृश विषाणू वेगळा केला. तो टोचलेल्या उंदरांची रक्तशर्करा वाढली. गुन्हेगार सापडला, असे वाटण्यासारखाच हा प्रसंग होता. परंतु १९७४ मध्येच स्वादुपिंडातील पेशींविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडे निर्माण करते, हे बोत्ताझ्झो यांनी दाखविले होते. आणि ही प्रतिपिंडे लक्षणांच्या कित्येक महिने, प्रसंगी वर्षे आधी दिसतात, हे पुढे सिद्ध झाले. मग निदानाच्या वेळी सापडलेला विषाणू मूळ कारण कसा मानावा? तो फार तर अखेरचा धक्का ठरतो.

त्यामुळे शोधाची दिशा पालटली. रुग्णांऐवजी आनुवंशिक जोखीम असलेल्या बालकांचा जन्मापासून मागोवा घेतला जाऊ लागला. अशाच ‘टेडी’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात २०१९ मध्ये एंटेरोव्हायरसच्या अल्पकालीन नव्हे, तर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या संसर्गाचा पेशीविरोधी प्रतिपिंडांशी संबंध आढळला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप येथेही लागू पडतोच. त्याची परीक्षा उपचारांतून घेण्याचा प्रयत्न नॉर्वेतील संशोधकांनी केला. नुकतेच निदान झालेल्या ९६ मुलांच्या या चाचणीत विषाणुरोधक औषधे घेणाऱ्यांची स्वतःची इन्सुलिननिर्मिती वर्षअखेरीस तुलनेने अधिक टिकल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.